शेणखत घालू की होलो टाईन मारू? ग्रीनच्या वरच्या चार सेंटिमीटरचा हिशोब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कृषी पदवी घेऊन पुण्याजवळच्या एका अठरा होलच्या गोल्फ क्लबात असिस्टंट म्हणून नुकतेच लागलात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, टिफड्वार्फ जातीचं गवत आहे. पावसाळा सरल्यापासून ग्रीन पायाखाली दबतात, मोअर (गवत कापायचं यंत्र) मध्येच टक्कल पाडतो आणि बॉल पडला की तिथलं गवत उचकटून वर येतं. मातीचा नमुना शेतीच्या प्रयोगशाळेत दिलात तर अहवाल आला, 'सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, कमी', आणि खाली शेणखताची शिफारस. बाहेरून आलेले सल्लागार मात्र सेंद्रिय पदार्थ फार साठलाय, होलो टाईन मारा, म्हणजे पोकळ दात्यांच्या यंत्राने भोकं पाडून त्यातला माल बाहेर काढा, म्हणतात. हेड माळीकाका वर्षानुवर्षं शेणखत, माती आणि वाळूचं मिक्स पसरत आलेत आणि त्यांना ते सोडायचं नाही. कमिटीला जानेवारीच्या टूर्नामेंटआधी ग्रीनवर एकही भोक नको आहे. त्यात एक विक्रेता 'थॅच', म्हणजे गवताच्या जुन्या खोडामुळांचा साठलेला थर, 'खाणारे' जिवाणू घेऊन दारात उभा. ऐकायचं कुणाचं, हा तुमचा प्रश्न.

पहिली गोष्ट, प्रयोगशाळाही खोटं बोलत नाही आणि सल्लागारही. दोघांनी वेगवेगळी वस्तू पाहिली, इतकंच. शेतीच्या प्रयोगशाळेत नमुना आला की तो वाळवतात, कुटतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. कर्ब काढायचा असेल तर त्याहून बारीक चाळणी लावतात. वर राहिलेल्या काड्या, मुळं, तंतू टाकून देतात, कारण शेतात ते मातीत धरत नाहीत. ग्रीनवर नेमका तोच माल आपल्या डोक्याला ताप असतो. म्हणजे तुम्हाला जे मोजायचं होतं ते चाळणीवरच राहिलं आणि कचऱ्यात गेलं. त्यात नमुना तुम्ही शेतात घेतात तसा पंधरा सेंटिमीटर खोल घेतला असणार. साठा असतो वरच्या चार सेंटिमीटरमध्ये. खालच्या अकरा सेंटिमीटर वाळूत मिसळून उरलासुरला आकडाही पातळ झाला. ०.३८ ला नेहमीच्या १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ जेमतेम ०.६६ टक्के निघतो. पायाखाली दबणाऱ्या ग्रीनशी या आकड्याचा काडीचा संबंध नाही. शेणखताची शिफारस कर्बाच्या वर्गवारीवरून ठरते, तुमचा ग्रीन बघून कुणी ती लिहिलेली नाही. ग्रीनपुरती ती बाजूला ठेवा.

तुमच्यासारख्या कृषी पदवीधराला हे पचायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. चार वर्षं कॉलेजात एकच शिकवलेलं असतं, जमिनीतला कर्ब वाढवा. महाराष्ट्राच्या शेतजमिनीसाठी ते सोळा आणे खरं आहे. ग्रीनवर गणित उलटं चालतं. टिफड्वार्फ म्हणजे शेवटी हरळीच्याच कुळातला संकर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला तयार होऊन १९६५ मध्ये बाहेर पडलेला. शेतात हरळी शिरली की शेतकऱ्याची झोप उडते, कारण तिची खोडं जमिनीवर आणि जमिनीखाली पसरतच राहतात. आपण त्याच स्वभावाच्या गवताला रोज पाणी, दर पंधरवड्याला खत देतो आणि चार मिलिमीटरवर कापतो. नांगर नाही, कुळव नाही, चरायला गुरं नाहीत. कापलेली पाती बास्केटमध्ये जातात, पण धावती खोडं, जुनी मुळं, पेरं सगळं जागेवरच. त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, भरपूर, त्यामुळे ती सावकाश कुजतात. कुजायला हवा लागते, आणि ओल्या दाट थरात हवा शिरत नाही. वर्षाला जितकं बनतं त्यापेक्षा कमी कुजतं. उरलेलं साठत जातं.

हा साठा शून्यावर आणायचा नसतो, हेही सांगून ठेवतो. नवीन वाळूच्या ग्रीनवर सेंद्रिय पदार्थ जवळपास नसतो तेव्हा बॉल सिमेंटवर पडल्यासारखा उसळतो आणि दुपारपर्यंत गवत सुकतं. थोडा साठा पाणी धरतो, अन्नद्रव्यं धरतो, बूट आणि मोअरचा मार सोसतो. प्रश्न सुरू होतो तो वाळूच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्या भरून निघाल्यावर. जॉर्जिया विद्यापीठाच्या रॉबर्ट कॅरो यांनी वजनाने ३ ते ४ टक्क्यांच्या पुढे ही भानगड वाढते असं मांडलं होतं, आणि बरीच वर्षं सगळे तीच रेघ धरून चालले. मी ती रेघ दगडावरची मानत नाही. ५ टक्क्यांवर उत्तम खेळणारे ग्रीन असतात आणि साडेतीनला चिखल होणारेही. खाली निचरा कसा आहे, पाणी किती देता, हवा किती दमट, यावर ते ठरतं.

आता तुमच्या ग्रीनकडे. आकड्यांच्या आधी डोळ्यांनी बघा. होल बदलताना कप कटरने जो गट्टू निघतो, तो फेकू नका. पांढऱ्या कागदावर आडवा ठेवा आणि जुन्या सुरीने उभा चिरा. वरून खाली येताना आधी हिरवं, मग तांबूस तपकिरी तंतूंचा थर दिसेल. त्यात वाळूचे दाणे दिसतात का बघा. वाळू मिसळलेली असेल तर त्याला आपण मॅट म्हणतो. ते बऱ्यापैकी चालतं. नुसते तंतूच असतील, हाताने ओढल्यावर कापसाच्या पिळासारखे सुटत असतील, तर तो शुद्ध थॅच, आणि तोच दबतो. तो थर बोटांत धरून पिळा. नोव्हेंबरात, पाऊस थांबून कित्येक दिवस झाले असताना, त्यातून पाण्याचा थेंब निघत असेल तर तुमचं निम्मं निदान तिथेच झालं. मग वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आणि खाली काळी रेघ असेल तर तिथे हवा पूर्ण बंद झालेली आहे आणि गंधकाची संयुगं साठायला लागलीत. मुळं कुठे थांबतात तेही बघा. माझा अंदाज असा की माळीकाकांच्या मिक्समुळे तुम्हाला पट्टे दिसतील: काळसर पट्टा, मग वाळू, मग लालसर मातीचा पट्टा, पुन्हा वाळू. मुळं पहिल्या नाहीतर दुसऱ्या पट्ट्याशी येऊन आडवी वळलेली असतील.

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. पाणी बारीक कणांच्या थरातून जाड कणांच्या थरात सहजी उतरत नाही. बारीक थर पुरता भरेपर्यंत ते वरच लटकून राहतं. मातीचा पाव इंचाचा पट्टा सबंध ग्रीनचा निचरा अडवायला पुरतो. माळीकाकांना दोष देऊ नका. खाली मुरूम किंवा काळी माती ओढून बनवलेल्या जुन्या ग्रीनवर, विकत वाळू मिळत नव्हती तेव्हा, ते मिक्स व्यवहाराला धरून होतं. गवत जिवंत ठेवणं हेच तेव्हाचं काम होतं. चार मिलिमीटरवर कापून वेग मागणारं कुणी नव्हतं.

मोजायचं असेल तर असं मोजा. गेली काही वर्षं आशियात हिरवळीचे अभ्यासक मिका वुड्स यांनी रूढ केलेली पद्धत मला सगळ्यात कामाची वाटते. तिचं नाव ओएम-२४६. गट्टू घेऊन त्याचे ० ते २, २ ते ४ आणि ४ ते ६ सेंटिमीटर असे काप करायचे, वरचं गवत खरवडायचं नाही, चाळायचं नाही, सगळं वाळवून वजन करायचं आणि भट्टीत जाळून पुन्हा वजन करायचं. कमी झालेलं वजन म्हणजे सेंद्रिय पदार्थ. मफल भट्टी (नमुने जाळायची बंदिस्त भट्टी) असलेली कुठलीही मटेरियल टेस्टिंगची किंवा कॉलेजची प्रयोगशाळा हे करून देऊ शकते, फक्त 'चाळू नका' हे नमुन्याच्या पिशवीवर ठळक लिहा आणि फोन करूनही सांगा. तापमान दर वेळी तेच ठेवायला सांगा, कारण ३६० आणि ४४० अंशाला आलेले आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. तीन ग्रीन निवडा: एक चांगला, एक मधला, एक सगळ्यात वाईट. अठराही ग्रीनचे नमुने काढून पैसे घालवू नका. या पद्धतीत गवत धरूनच मोजतात, म्हणून वरच्या कापाचा आकडा कॅरोंच्या आकड्याहून मोठा येतो. तो बघून घाबरू नका. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच ग्रीनवर, त्याच पद्धतीने मोजलं की आकडा चढतोय की उतरतोय ते कळतं. तुम्हाला तेवढंच हवंय.

सोबत निचऱ्याची साधी चाचणी करा. चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा ग्रीनमध्ये दोन इंच रुतवा, आधी एकदा भरून जिरू द्या, मग पुन्हा भरून पट्टीने दर पाच मिनिटांनी पातळी बघा. चांगल्या आणि वाईट ग्रीनमधला फरक कमिटीला दाखवायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही.

मग उपाय. लोक इथे थेट मशीनकडे धावतात. मी आधी साठा बनतो कुठून ते बघतो. गवत जितकं जास्त वाढेल तितका सेंद्रिय पदार्थ बनेल, त्यात दुसरं गुपित नाही. आणि वाढ ठरवणारी, आपल्या हातातली दोन मुख्य बटणं म्हणजे नत्र आणि पाणी. तुमच्या पत्रात खताचं वेळापत्रक नाही, पण 'दर पंधरा दिवसांनी युरिया, पावसाळ्यातसुद्धा' असं एक वाक्य आहे. किती ग्रॅम, ते लिहिलेलं नाही. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर १ ग्रॅम नत्र प्रति चौरस मीटर द्यायला १ किलो ९० ग्रॅम युरिया लागतो. माळी तो मोजून टाकतात की पाटीत घेऊन मुठीने, हे एकदा स्वतः उभं राहून बघा. मुठीत दुप्पट सहज जातो.

दुसरं, पाणी कुठलं वापरता? पुण्याच्या आसपास बऱ्याच हिरवळींवर एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, पाणी येतं. त्यात नत्र असतं आणि त्याचा हिशोब कुणी धरत नाही. समजा, पाण्याच्या अहवालात नायट्रेट-नत्र १० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे ५० मिलिग्रॅम नत्र रोज, महिन्याला दीड ग्रॅम. म्हणजे तुम्ही खताच्या पोत्याला हात न लावता ग्रीनला दर महिन्याला सव्वातीन ग्रॅम युरिया प्रति चौरस मीटर मिळतोय. असं पाणी असेल तर वरचं खत तेवढ्याने कमी व्हायला हवं. पाण्याचा अहवाल मागवा. मातीच्या अहवालापेक्षा तो तुमच्या जास्त कामाचा आहे.

वाढ मोजायची युक्ती अगदी साधी. रोज ग्रीन कापल्यावर बास्केटमधलं गवत लिटरचे आकडे घातलेल्या बादलीत ओता, दाबू नका, आणि पातळी लिहून ठेवा. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर १२ लिटर निघालं तर २४ मिलिलिटर प्रति चौरस मीटर. हा आकडा चांगला की वाईट ते दुसऱ्या क्लबशी ताडून ठरवू नका. तुमच्याच ग्रीनवर बॉल नीट धावतो, बॉलमार्क (बॉल आदळून पडलेले खड्डे) आठवडाभरात भरतात आणि गवत विरळ होत नाही, अशा दिवसांत बादली किती भरते ते बघा आणि तिथे टिकायचा प्रयत्न करा. बादली त्यापेक्षा जास्त भरायला लागली की पुढची खताची पाळी टाळायची. खाडा झाला तर गवत मरत नाही; माळीकाकांना पटायला मात्र एक हंगाम जातो. पावसाळ्यात तर ढगांमुळे ऊन नसतं, जमिनीत वाफसा नसतो, आणि अशात युरिया ढकलला की पाती लुसलुशीत लांबतात, मुळं वाढत नाहीत. तुमचा आत्ताचा पोचटपणा मला बराचसा जुलै-ऑगस्टच्या युरियाचा वाटतो.

एवढं करून साठा बनायचा वेग कमी होतो. आधीचा साठा तसाच राहतो, त्याला वाळू हेच औषध. वाळू काही कुजवत नाही, ती साठ्यात मिसळून त्याचं प्रमाण कमी करते, तंतूंना एकमेकांपासून लांब ठेवते आणि पोकळी उघडी ठेवते. पाटीवर हिशोब करून बघा. वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये चौरस मीटरला समजा २४ किलो कोरडा माल आहे आणि त्यात ६ टक्के सेंद्रिय पदार्थ, म्हणजे १.४४ किलो. ते ४ टक्क्यांवर आणायचं तर एकूण माल ३६ किलो व्हायला हवा. वरून १२ किलो वाळू, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. आणि हे गवताने मधल्या काळात काहीच नवं बनवलं नाही असं धरून. प्रत्यक्षात ते बनवतच राहतं, म्हणून वर्षाची गरज याहून मोठी निघते. यूएसजीए या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या ओब्रायन आणि हार्टविगर यांनी २००३ मध्ये सुचवलेलं प्रमाण आजच्या मापात वर्षाला १२ ते १५ मिलिमीटर भरतं. ते त्यांच्याकडच्या ग्रीनसाठी होतं, पण आपल्याकडे सुरुवातीचा अंदाज बांधायला चालतं. नत्र आवरलं तर पुढच्या वर्षांत याहून कमीत भागतं, आणि नत्र आवरल्याचा खरा फायदा हिशोबनिसाला तिथेच दिसतो.

ब्रासमध्ये सांगतो, म्हणजे खरेदीवाल्यांना कळेल. ५०० चौरस मीटरला १२ ते १५ मिलिमीटर म्हणजे ६ ते साडेसात घनमीटर, दोन ते अडीच ब्रासच्या आसपास. अठरा ग्रीन आणि एक प्रॅक्टिस ग्रीन धरले तर ४० ते ५० ब्रास. एवढी चांगली वाळू आपल्या भागात मिळवणं हेच या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. नदीची वाळू महाग, पावसाळ्यात उपसा बंद, आणि आली तरी त्यात गाळ. सगळे क्रश सँडकडे वळतात. क्रश सँडवाला तुम्हाला बांधकामाचं सर्टिफिकेट दाखवेल. ते काँक्रीटसाठी ठीक आहे. आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात खडी फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनखालची भुकटी २० टक्क्यांपर्यंत चालते. ग्रीनवर तीच भुकटी पोकळ्या बुजवते. आपल्याला हवी ती वाळू अशी: निदान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरमधले, आणि १५० मायक्रॉनखालचं सगळं मिळून १० टक्क्यांच्या आत. धुतलेली क्रश सँड, योग्य चाळणी लावून, वापरता येते. तिचे कण टोकदार असतात, मोअरचे ब्लेड लवकर बोथट होतात, एवढी किंमत मोजायची. खाडीची किंवा समुद्राची वाळू कोकणातून कुणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा. मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही पदरात पडतात. ट्रक रिकामा करण्याआधी पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, अर्धं पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गढूळ थराची जाड साय बसली तर ट्रक परत. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण गेटवर भांडायला पुरते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळू एकदा धरली की तीच वर्षानुवर्षं वापरा. दर वर्षी नवी खाण म्हणजे दर वर्षी नवा पट्टा.

आता होलो टाईन. सल्लागार बरोबर आहेत, पण त्यांनी कारण अर्धंच सांगितलं. टाईनचा व्यास साडेबारा मिलिमीटर आणि भोकांमधलं अंतर ५० मिलिमीटर असेल तर ग्रीनच्या पृष्ठभागाचा फक्त ४.९ टक्के भाग निघतो. १६ मिलिमीटरचा टाईन त्याच अंतरावर ८ टक्के काढतो. ६ मिलिमीटरचा बारीक टाईन ३० मिलिमीटर अंतरावर ३.१ टक्के. म्हणजे एका फेरीत ९२ ते ९७ टक्के साठा जागेवरच राहतो. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात रॉच गॉसॉइन यांच्या चमूने बेंटग्रास या थंड हवेतल्या गवताच्या ग्रीनवर बरंच काम केलं. त्यात वाळू सारखीच दिली तर पोकळ टाईन आणि भरीव टाईन यांच्यात सेंद्रिय पदार्थाच्या बाबतीत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. फरक वाळूने पडत होता. म्हणून नुसते 'दर महिन्याला होलो मारा' असं जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. भोक पाडायचं ते प्रामुख्याने वाळू आत घालायला. साडेबारा मिलिमीटरची भोकं ७५ मिलिमीटर खोल केली तर ती भरायला ३.७ मिलिमीटर वाळू लागते, आणि ती एका दिवसात आत जाते. पृष्ठभागावर पसरून तेवढी वाळू घालायला पंधरा दिवसांनी एकदा अशा सात-आठ पाळ्या लागतील.

तुमच्या ग्रीनवर मात्र होलो टाईन टाळता येणार नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण ते पट्टे. वरून कितीही चांगली वाळू घातली तरी खाली मातीचा पट्टा पाणी अडवून बसला असेल तर वरचा थर ओलाच राहणार. भोक त्या पट्ट्याच्या पार गेलं पाहिजे, त्यातली माती बाहेर निघाली पाहिजे आणि जागी वाळू बसली पाहिजे. म्हणून आधी गट्टू चिरून पट्टा किती खोल आहे ते मोजा आणि टाईनची लांबी त्यावरून ठरवा. पट्टा ९० मिलिमीटरवर आणि टाईन ७५ चा, असं झालं तर सगळी मेहनत वाया.

पण आत्ता नाही. कमिटीला भोकं नको आहेत ती टूर्नामेंटसाठी. मला नको आहेत ती थंडीसाठी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि टिफड्वार्फ जवळपास थबकतं. आज पाडलेली भोकं फेब्रुवारी संपेपर्यंत दिसत राहतील. खरी वेळ एप्रिल अखेर ते मेचा तिसरा आठवडा. ऊन कडक, रात्री उबदार, पाणी हातात, गवत जोमात. मेमध्ये नीट पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत ग्रीन भरून येतो, आणि पहिला पाऊस पडायच्या आत निचऱ्याची वाट तयार असते. मुंबईत चेंबूरसारख्या ठिकाणी हे अजून थोडं आधी उरकावं, कारण तिथे पावसाने एकदा झोडपायला सुरुवात केली की उघड्या भोकांत चिखल बसतो. पावसाळा संपल्यावर दुसरी, हलकी पाळी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, बारीक टाईनची. यंदा ती वेळ हातून गेली, तर गेली.

कामाच्या दिवसाबद्दल थोडं. ग्रीन आदल्या दिवशी ओला, त्या दिवशी फक्त दमट. वाळू पूर्ण कोरडी हवी. म्हणून ती मार्चमध्येच आणून शेडखाली पसरून ठेवा. ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच बसते, आत पोकळी राहते आणि महिन्याभराने तिथे खड्डा पडतो. होलो मारल्यावर निघालेल्या नळ्या आपल्याकडे बायका खराट्याने गोळा करून घमेल्यांनी उचलतात. हे काम ऊन चढायच्या आत संपवा, नाहीतर त्या वाळून चुरा होतात आणि त्यातली माती परत ग्रीनवरच पसरते. मग वाळू, मग ब्रश किंवा ड्रॅग मॅट (ओढून वाळू पसरायची जाळी), पुन्हा वाळू, जोवर भोकं काठोकाठ भरत नाहीत तोवर. एका वेळी दोनच ग्रीन घ्या. अर्धवट भरलेले चार ग्रीन सोडून जेवायला जाण्यापेक्षा ते बरं. काढलेल्या नळ्या फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब हिरवळीच्या, खड्ड्यांत किंवा नर्सरीत चालतात.

एरवी वर्षभराचा क्रम मी असा ठेवेन. मार्च ते मे दहा-बारा दिवसांनी हलकी वाळू, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, पात्यांत उतरून दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होईल इतकीच. जोडीला उथळ व्हर्टिकट (उभ्या पात्यांनी चिरणं), म्हणजे आडवी लोळणारी खोडं तुटतात आणि वाळू खाली उतरते. मेमध्ये होलो. पावसाळ्यात कापायची उंची अर्धा-एक मिलिमीटरने वाढवा, खत आवरा, उघडीप मिळेल तेव्हा बारीक भरीव टाईनने नुसती टोचणी करून हवा द्या; वाळूचा हट्ट नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा हलकी वाळू. यंदाच्या नोव्हेंबरात तुमच्या हातात एवढंच आहे: दोन-तीन हलक्या पाळ्या, नत्र बंद, पाणी सकाळी एकदाच आणि गरज असेल तेवढंच. मोअर टक्कल पाडतोय तिथे उंची लगेच वाढवा, महिन्याभराने सावकाश खाली या. टूर्नामेंटपर्यंत ग्रीन पुरते घट्ट होणार नाहीत, पण पायाखालचा फरक खेळाडूंना जाणवेल.

सावलीतले ग्रीन वेगळे धरा. वडा-पिंपळाच्या सावलीत हरळीची कुठलीच जात मनापासून भरत नाही. तिथे होलो मारण्याआधी फांदी छाटायची परवानगी मिळते का बघा.

जिवाणूंचं कल्चर, जीवामृत, वेस्ट डिकंपोझर, तिन्हीबद्दल माझं मत एकच आहे. कुजवणारे जीव तुमच्या ग्रीनमध्ये आधीच अमाप आहेत. त्यांना कमी पडते ती हवा. हवा नसलेल्या ओल्या थरात बाहेरून आणखी सोडले तर तेही तिथे बसूनच राहतात. जॉर्जियात लॅकेज नावाच्या, लिग्निन तोडणाऱ्या विकरावर (एन्झाइमवर) प्रयोग झाले आणि थॅच कमी झाल्याचं दिसलंही; पण ते शुद्ध विकर ठरावीक मात्रेत वारंवार देऊन. बाटलीतल्या कल्चरचं तसं होतं हे मला कुणी आकड्याने दाखवलेलं नाही. विक्रेत्याला एक ग्रीन द्या, अर्ध्या भागावर मारू द्या, अर्धा कोरा ठेवा आणि सहा महिन्यांनी दोन्ही बाजूंचे ०-२ सेंटिमीटरचे नमुने त्याच्याच खर्चाने जाळा. बहुतेक विक्रेते इथपर्यंत येतच नाहीत.

कमिटीसमोर टक्केवारी नेऊ नका. दोन गट्टू न्या, चांगल्या ग्रीनचा आणि वाईट ग्रीनचा, उभे चिरून ट्रेमध्ये ठेवलेले, आणि सोबत पाइपच्या चाचणीची वेळ. मेमधल्या तारखा आत्ताच मागून घ्या, क्लबच्या कॅलेंडरवर छापून घ्या. मार्चमध्ये मागायला गेलात तर प्रत्येक शनिवार-रविवारी कुणाची तरी ट्रॉफी निघते. पहिला गट्टू तुम्ही चिरू नका, माळीकाकांनाच चिरू द्या.

नमुन्यांचे आकडे आले की तिन्ही खोलीचे वेगवेगळे कळवा. सोबत पाण्याचा अहवाल, पहिला पट्टा किती मिलिमीटरवर आहे ते, आणि निदान दोन आठवड्यांची बादली. त्यावरून टाईनची लांबी आणि वाळूचे ब्रास नक्की सांगता येतील.